पेन्सिलीत लिहिलेली भेग

श्रीधर, तुझ्या शोकसभेत अकरा जण बोलले आणि एकानेही खोटं सांगितलं नाही. तुझी शिस्त, तुझं इंग्रजी, तुझ्या टेबलावर कधीच न साचलेल्या फायली, सगळं खरं होतं. कुणाला खोटं बोलायची गरजच पडू नये, इतकी काळजी तू आयुष्यभर घेतली होतीस.

सभा गुडगावला, तुमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये झाली. टेबल टेनिसच्या टेबलावर पांढरी चादर घालून तुझा फोटो ठेवला होता. जाळी काढायला कुणाला सुचलं नव्हतं, त्यामुळे फोटोच्या दोन्ही बाजूंना चादरीला शिंगांसारखे उंचवटे आले होते. फोटो तो मंत्र्यांच्या हातून गौरवाची ढाल स्वीकारतानाचा. मंत्र्यांना कापून टाकलं होतं, पण त्यांचा हात ढालीवर राहिला होता. मेल्यावरही कुणीतरी बिनचेहऱ्याचा तुला काहीतरी देतो आहे आणि तू हसून घेतो आहेस. आपल्या खाणसुरक्षा खात्याचे सध्याचे प्रमुख म्हणाले, "सर के समय में हमारा विभाग नियंत्रण से विश्वास की ओर बढ़ा।" दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या, मग प्रसंग लक्षात येऊन हात मांडीवर ठेवले.

माझं नाव यादीत होतं. पण तुझा मिलिंद जवळ येऊन कानात म्हणाला, "काका, टाइम कम है यार, तुम्ही लिहूनच द्या ना. मराठी मंडळाच्या अंकात छापू. स्मृतिलेख म्हणजे ऑबिच्युअरीच ना?"

"साधारण तसंच," मी म्हटलं.

"मग थोडं पॉझिटिव्ह ठेवा."

तेव्हा हे लिहितो आहे. जन्म, शिक्षण, हुद्दे वगैरे मिलिंदने वेगळ्या चौकटीत घातलंय, मी त्यात पडत नाही.

हुकमसिंह आला होता. शेवटच्या रांगेत, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत तुझं पुस्तक. आपल्या खात्याच्या पन्नास वर्षांचा तो जाडजूड इतिहास, ज्याच्या मुखपृष्ठावर उगवता सूर्य आणि एक हसरा खाणकामगार आहे. सभा संपल्यावर लिफ्टपाशी त्याने मला गाठलं. आता ऐंशीला आलाय, कमरेत वाकलाय, पण आवाज तसाच, उघड्या माळावर हाका मारून कमावलेला.

"साहब, अब तो मना करने वाला भी नहीं रहा। अब लिख दोगे?"

लोक वळून बघायला लागले. मी म्हटलं, "हुकमसिंहजी, बाद में बात करते हैं।"

"बाद में ही तो कर रहे हैं," तो म्हणाला.

त्याला काय हवंय ते तुला माहीत आहे. वाचणाऱ्यांना नाही, म्हणून सांगतो. त्याला त्या इतिहासात एक वाक्य हवंय. त्याच्या गावाजवळची खाण कोसळली, त्याआधी सर्वेअर हुकमसिंहने ती धोकादायक असल्याचं लेखी कळवलं होतं, एवढंच. तीसेक वर्षं त्याच्या गावात लोक मानतात की खाण त्याने पास केली. त्या दगडांखाली तीन माणसं गेली, त्यांतली एक, बिरमती, त्याच्या शेजारच्या घरातली होती. तिच्या घरच्यांनी त्या दिवसापासून त्याच्या घरचं पाणी घेतलेलं नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाला अर्धं गाव आलं नाही. हे वाक्य तो आधी तुझ्याकडे मागत होता, मग माझ्याकडे. तू नेहमी एकच सांगायचास, "अगली आवृत्ति में देखेंगे।" आवृत्ती निघालीच नाही. सरकारी इतिहासाची पहिली आवृत्तीच संपत नाही, हे तुला चांगलं ठाऊक होतं.

पण आधी तुझं देणं मान्य करतो, कारण ते मोठं आहे आणि पुढे राग आल्यावर राहून जाईल.

राजधानीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत, तू वरच्या मजल्यावर होतास, मी खालच्या. पुण्याहून नवा आलेला मी, हिंदीत भाजी मागताना घाम फुटायचा. तू भाजीवाल्याशी माझ्या वतीने भांडलास, गॅससाठी रांगेत उभा राहिलास, मला डीटीसीच्या बसचे नंबर कागदावर लिहून दिलेस. माझ्या बायकोला, नीलाला, दिवस भरण्याआधीच कळा आल्या तेव्हा तू ऑफिसची जीप मागवून, नियम मोडून, तिला हॉस्पिटलात पोचवलंस आणि मंदावहिनींना तिथे बसवून मला आणायला परत आलास. माझी मुलगी तुझ्यामुळे या जगात धडधाकट आली. त्या रात्रीचा तुझा चेहरा माझ्यापेक्षा जास्त बापासारखा होता. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. जिथे सही करावी लागत नाही, तिथे तू सोनं होतास.

मला तू "पंडित" म्हणायचास, कारण मी डब्याबरोबर पुस्तक आणायचो. "पंडित, एवढं वाचून तुझा सेक्शन ऑफिसरच झाला ना?" तू न वाचता दोन पायऱ्या वर होतास. तुझं म्हणणं, वाचणाऱ्याला शेरा मारता येत नाही, त्याला दोन्ही बाजू दिसतात. त्यात तथ्य होतं. मला कायम दोन्ही बाजू दिसल्या आणि मी कायम मधे उभा राहिलो.

आपल्या खात्याचा खरा इतिहास त्या पुस्तकात नाही, कपाटांच्या पाठीवर आहे. खातं जन्मलं कामगारवाल्यांच्या व्हरांड्यात. मग ते पोलादवाल्यांनी घेतलं, मग कोळसावाल्यांनी हिसकावलं, आणि कुणालाच नको झालं तेव्हा त्याला स्वायत्त म्हणण्यात आलं. प्रत्येक बदलीत लोखंडी कपाटं हातगाडीवरून हलली आणि त्यांच्या पाठीवर नवा नंबर रंगवला गेला, जुना न खरवडता. कस्तुरबा गांधी मार्गाच्या मागच्या त्या तीन खोल्यांत आपण आलो तेव्हा एका कपाटावर पाच नंबर होते. देशातल्या खाणी सुरक्षित आहेत की नाहीत हे कपाटाच्या आत होतं. बाहेर फक्त मालकी.

मग उदारीकरणाची ती वर्षं आली. नियंत्रण हा शब्द कुणी उच्चारला की मीटिंगमधले लोक वास आल्यासारखे बघायचे. खात्याच्या पाटीवर आधी नियंत्रक होतं, ते नियामक झालं, मग खाली एक सुविधा कक्ष आला. पेंटर शिडीवर आणि तू खाली, ऱ्हस्व-दीर्घ तपासत. "पंडित, सुविधाचा वि ऱ्हस्वच ना?" मी हो म्हटलं. तुला समाधान वाटलं. पलीकडे गुडगावला मोहरीच्या शेतांतून इमारती उगवत होत्या आणि त्यांना लागणारी खडी टेकड्या फोडून येत होती. तू नंतर ज्या चौदाव्या मजल्यावर राहायला गेलास, त्याच्या बाल्कनीतून त्या कुरतडलेल्या टेकड्या दिसतात. पाहुण्यांना तू दाखवायचास, "इधर से पूरा अरावली व्यू है।"

आता पेन्सिलीकडे येतो. बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगितल्याशिवाय कळायचं नाही.

सरकारी फाइलवर हिरवा कागद असतो, त्यावर एकाखाली एक शेरे चढत जातात. शाईने लिहिलेलं म्हणजे सरकार बोललं. पेन्सिलीने लिहिलेलं म्हणजे कुणीच बोललं नाही. साहेबाला काही सुचवायचं असलं, पण सुचवल्याचं राहायला नको असलं, तर तो समासात पेन्सिलीने लिहितो, "बोला." खालचा माणूस जाऊन बोलतो, येऊन रबर फिरवतो, आणि साहेबाच्या मनातलं स्वतःच्या नावावर शाईने लिहितो. आपल्या मजल्यावर सगळ्यात जास्त झिजणारी वस्तू रबर होती. तुझं टूबी पेन्सिलीतलं अक्षर सुंदर होतं, मी ते इतकं खोडलंय की तुझी सही मला जमेल की नाही माहीत नाही, पण तुझं "बोला" हुबेहूब जमतं.

हुकमसिंह फील्डचा माणूस. त्याची सगळी नोकरी पेन्सिलीत झाली होती, कारण मोजणीच्या वहीत पेन्सिलच वापरतात. घाम, पाऊस, धूळ, कशानेही पेन्सिल पसरत नाही, शाई पसरते. त्याच्या लेखी पेन्सिल म्हणजे टिकणारी गोष्ट. मुख्यालयात बदली होऊन त्याला तीन महिने झाले होते आणि इथे पेन्सिलीचा अर्थ उलटा आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. माझ्याच हाताखाली होता.

त्याच्या गावाजवळच्या खाणीची पाहणी करून तो आला आणि सरळ फाइल मागून हिरव्या कागदावर लिहून टाकलं. पेन्सिलीने, ठळक, बारीक चित्रासकट. वरच्या कड्यात भेग आहे, हाताची चार बोटं आत जातात, दोन आठवड्यांत वाढली आहे, कडा उतरवेपर्यंत खाली सुरुंग लावू नये, माणसं हटवावीत. खाली सही, तीही पेन्सिलीने. मी वाचलं. पहिला विचार आला तो असा, की याला कुणीतरी पेन द्यायला हवं होतं.

मी फाइल तुझ्याकडे घेऊन आलो. तू चष्मा वर केलास.

"हे काय, शाळेची वही आहे?"

"मजकूर वाच आधी."

तू वाचलास. दोनदा वाचलास, मी बघत होतो. चित्रावर बोट ठेवलंस. मग खिडकीकडे बघत म्हणालास, "सोमवारी गुंतवणूकदारांची परिषद आहे. आपल्याला प्रलंबित हरकती शून्य असं निवेदन द्यायचंय. मिनिस्ट्रीला मी काल तोंडी सांगून बसलोय."

"मग एक म्हण."

"एक म्हटलं की कुठली विचारतात. कुठली म्हटलं की कोणाची विचारतात. तुला ठाऊक नाही का?" थोडं थांबून तू म्हणालास, "पेन्सिल आहे ना? कच्चं आहे अजून. सध्या साफ कर. परिषद उरकली की त्याच्याकडून शाईने घेऊ. मी स्वतः जीप घेऊन जातो तिकडे, बिल्कुल. आठवड्याचा तर प्रश्न आहे."

तू खोटं बोलत नव्हतास. तू गेला असतास, याची मला आजही खात्री आहे.

मी माझ्या टेबलावर आलो आणि खोडलं. आधी मजकूर, मग सही, शेवटी चित्र. चित्राला वेळ लागला, त्याने जोर देऊन काढलं होतं. हुकमसिंहने शाईने लिहिलं असतं तर तो कागद फाडायची हिंमत तुझीही झाली नसती, माझीही नाही. आपण तेवढे वाईट नव्हतो. आपण फक्त पेन्सिल खोडण्याइतके वाईट होतो.

परिषदेत शून्य वाचलं गेलं. लोकांना ते आवडलं. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, खाली सुरुंग लागला आणि वरचा कडा आला. दोन पुरुष आणि बिरमती. तू जीप काढलीस, तीच जी तू पुढच्या आठवड्यात काढणार होतास, आणि मला म्हणालास, "चल." आपण तिथे उभे राहिलो तेव्हा हुकमसिंह आधीच पोचला होता. तो दगड उचलत होता. हातांनी. कपडे ऑफिसचे, पायांत चपला. त्याने आपल्याकडे बघितलंही नाही, कारण तेव्हा त्याला वाटत होतं की आपल्याकडे त्याचा कागद शाबूत आहे.

चौकशी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसात झाली. त्यांनी त्याला विचारलं, लेखी दिलं होतं का. तो म्हणाला, दिलं होतं साहब, फाइल में है। फाइल उघडली. दोन शाईच्या शेऱ्यांमधे वीतभर हिरवा कागद मोकळा. त्याने फाइल स्वतःकडे ओढून घेतली, कागद उजेडात तिरपा धरला, आणि फाइल परत टेबलावर ठेवली. मग अध्यक्षांनी मला विचारलं, "यहाँ कुछ लिखा था?" मी फाइलीचा जबाबदार म्हणून हजर होतो. मी म्हणालो, "सर, रिकॉर्ड में जो है, वही है।"

बघ, एक शब्द खोटा नाही. तुझ्याच शाळेतला मी. तू टेबलाखालून माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास. तो हात मला त्या क्षणी फार बरा वाटला, याची लाज मला आजतागायत आहे.

हुकमसिंहवर ठपका आला, पाहणीत हयगय. त्याची मोजणीची वही कुणी मागितलीच नाही, आणि पुढच्या स्थलांतरात ती जुन्या रद्दीबरोबर गेली. त्याला अभिलेख कक्षात बसवलं. निवृत्त होईपर्यंत त्याने तिथे कागदांवर नंबर घातले, आणि मला शिपायांकडून कळायचं की जेवणाच्या सुट्टीत तो एकेक गठ्ठा उघडून स्वतःची वही शोधतो. मी त्याला वही नष्ट झाल्याचं सांगू शकलो असतो. नाही सांगितलं. मग कुणी नष्ट केली, कधी, का, असं तो विचारेल अशी भीती वाटली.

पुस्तकाची गोष्ट तुझ्या-माझ्यातली, ती तर आजवर नीलालाही माहीत नाही.

तू खात्याचा प्रमुख झालास, पन्नास वर्षं भरली, इतिहास लिहायचं ठरलं. संपादक तू, लेखनिक मी. मी प्रत्येक मंत्रालयाचं प्रत्येक स्थलांतर लिहिलं, पाट्या बदलल्याचं लिहिलं, आणि सातव्या प्रकरणात ते वाक्य घातलं. तू प्रूफ वाचून मला बोलावलंस. दार लावलंस. समासात तू एक रेघ मारली होतीस. शाईने, हे मी मुद्दाम नोंदवतो.

"हे जाणार नाही, पंडित."

"का?"

"पुरावा?"

"पुरावा मी खोडला, श्रीधर. तुझ्या सांगण्यावरून."

तू चिडशील असं मला वाटलं होतं. तू चिडला नाहीस. तू शांतपणे पॅड माझ्यापुढे सरकवलंस, वर आपलं पेन ठेवलंस.

"मग असं लिही. सर्वेअरने लेखी कळवलं होतं, ते तत्कालीन सेक्शन ऑफिसर अमुक यांनी उपसंचालक तमुक यांच्या सूचनेवरून खोडलं. दोन्ही नावं. तू सही कर, खाली मी करतो. आत्ता. अक्षरही बदलणार नाही मी, तसंच छापतो."

मी पॅडकडे बघत राहिलो. माझी निवृत्ती दीड वर्षावर होती, मुलीचं लग्न ठरत होतं, सोयरे खात्यातलेच. तू वाट बघितलीस. चहा आला, थंड झाला. शेवटी तू पेन उचललंस, टोपण लावलंस आणि अगदी मायेने म्हणालास, "जाऊ दे. मला माहीत होतं. म्हणून तर म्हटलं."

तुझ्या आयुष्यातली ती सगळ्यात क्रूर गोष्ट, आणि ती तू दगडाखाली गेलेल्या माणसांशी नाही, माझ्याशी केलीस. मी पॅड पुढे ओढलं असतं तर तू खरंच सही केली असतीस का? वीसेक वर्षं हा वाद मी मनात तुझ्याशी घालतोय. कधी वाटतं, केली असतीस, आणि मग तू माझ्याहून मोठा ठरतोस आणि मला झोप लागत नाही. कधी वाटतं, माझी नाडी ओळखून केलेला तो साधा ऑफिसचा डाव होता, आणि मग मला तुझा तिरस्कार करता येतो आणि छान झोप लागते. तू गेलास आणि आता उत्तर कायमचं बंद झालं. याबद्दल मला तुझा जितका राग आहे तितका दुसऱ्या कशाचाच नाही.

तुझ्या शेवटच्या महिन्यात मी मेट्रोने दर बुधवारी येत होतो. आपण शब्दकोडी सोडवली, सरकारला शिव्या दिल्या, तुझ्या फिजिओथेरपिस्टच्या इंग्रजीला हसलो. दर वेळी वाटायचं, आज विचारीन. एकदा तू डोळे मिटून पडलेला असताना म्हणालास, "पंडित, तो हुकमसिंह येतो का रे अजून तुझ्याकडे?"

"येतो."

"त्याला चहा देतोस ना?"

"देतो."

"दे," तू म्हणालास, आणि झोपलास. विषय संपला. तीन माणसं, एका माणसाचं सगळं गाव, आणि तुझ्या बाजूने शेवटचा शेरा हा, की चहा द्यावा.

मीही देतच होतो. बिस्किटांसकट.

परवा मी हे इथवर लिहून मंदावहिनींकडे गेलो. त्यांना न विचारता छापायला द्यायचं नव्हतं. मिलिंद ऑफिसला गेला होता. मी सगळं वाचून दाखवलं. चौकशीच्या जागी त्यांनी डोळ्यांना पदर लावला असं मला वाटलं, पण त्या चष्मा पुसत होत्या.

"भावोजी, हे ते असताना का नाही लिहिलंत?"

मी म्हटलं, "धीर झाला नाही, वहिनी."

"आणि आता ते उत्तर द्यायला नाहीत, तर झाला."

त्या उठल्या, माझ्यासाठी पाणी आणलं, आणि उभ्या उभ्या म्हणाल्या, "छापा. माझी ना नाही. मला काय, मी त्यांच्याबरोबर चाळीस वर्षं राहिले, मला काही नवीन कळलेलं नाही. पण यात त्यांचं नाव सरळ आहे आणि तुमचं कुठेच नाही. नुसतं मी, मी, मी. खाली पूर्ण नाव घाला. त्या वेळचा हुद्दाही."

घातलंय, वहिनी. खाली बघा.

आणि हे ते वाक्य, श्रीधर, तुझ्या सातव्या प्रकरणातून गाळलेलं, पण आता तू पॅड पुढे करून सांगितलेल्या शब्दांत: खाण कोसळण्यापूर्वी ती धोकादायक असल्याचं सर्वेअर हुकमसिंह यांनी लेखी कळवलं होतं, ते तत्कालीन सेक्शन ऑफिसरने, म्हणजे मी, उपसंचालक श्रीधर यांच्या सूचनेवरून खोडलं. तुझ्या सहीची जागा रिकामी आहे.

काल हुकमसिंहला फोन केला. सांगितलं की लिहिलंय, आमच्या मराठी मंडळाच्या अंकात छापून येईल, मी त्याचं हिंदी करून, सही करून तुमच्याकडे पाठवतो, गावात दाखवा.

पलीकडे त्याने कुणाला तरी रेडिओ बंद करायला सांगितलं.

"मराठी में?" तो म्हणाला.

"हिंदी कर दूँगा, कहा ना।"

"साहब, कागज रहने दो।" त्याचा आवाज चढला नव्हता. "तीस साल मैं कागज के पीछे भागा, ये मेरी बेवकूफी थी। बिरमती का लड़का पढ़ता नहीं, और बाकी कहेंगे बुड्ढे ने लिखवा लिया। आप आ जाओ। उसके आँगन में खड़े होकर जो लिखा है वो बोल दो। इतवार को सवेरे सब घर पर होते हैं।"

मी म्हटलं, गुडघे दुखतात, बघतो.

"देख लो," तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला. इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा माझ्याआधी फोन ठेवला.

आज शनिवार. नीलाला सकाळी सगळं सांगितलं. तिने उद्यासाठी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. बदरपूरपर्यंत मेट्रो आहे, पुढे रिक्षा मिळते म्हणतात. बिरमतीचा मुलगा आता पन्नाशीचा असेल. तो काय करेल माहीत नाही. दारात उभं करेल, हाकलेल, कदाचित काहीच म्हणणार नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

तू असतास तर गाडी काढली असतीस. मला एकट्याला मेट्रोने जाऊ दिलं नसतंस. वाटेत थांबवून जबरदस्तीने काहीतरी खायला लावलं असतंस, माझ्या गोळ्या विचारल्या असत्यास, गावाच्या तोंडाशी झाडाखाली गाडी लावली असतीस, आणि म्हणाला असतास, "जा पंडित, मी आहे इथे." आणि काचा वर करून आतच बसून राहिला असतास.

तेवढ्यासाठीसुद्धा तू हवा होतास.

वामन गणेश पाटणकर
(त्या वेळी सेक्शन ऑफिसर)